डायखालचे कागद

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसणारे आम्ही पाच-सहा जण भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. प्रत्येक जण आपल्या कंपनीतला एखादा विक्षिप्त माणूस रंगवून सांगतो. माझी पाळी आली की मी कँटीनच्या आचाऱ्याची गोष्ट सांगतो. सगळे हसतात. मग गोळी घ्यायची राहिली म्हणून मी उठतो. कारण त्यानंतर कुणी ‘आणखी कोण होतं हो तुमच्याकडे?’ असं विचारलं, तर मला एकच माणूस आठवतो.

तो माणूस मागच्या वर्षी काळेवाडीत वारला. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. एका कागदावर ते नाव लिहायचं काम माझ्याकडे होतं, ते मी केलं नाही. आता उशिरा ते लिहून मोठेपणा घ्यायचा मला हक्क नाही. कारखान्यात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणतो.

आमची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवायची. आधी भोसरीत, मग चाकणला. मी तिथला कारखानाप्रमुख. पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा म्हणजे डाय. तो प्रेस मशीनमध्ये बसवायचा आणि वरून दाब द्यायचा, की भाग तयार. नवी डाय नकाशाप्रमाणे चालते. पण दहा-पंधरा वर्षं दाब खाल्लेली डाय नकाशाला जुमानत नाही. तिचा एखादा कोपरा झिजतो, प्रेसचा पाया एका अंगाला बसतो, आणि मग भागाच्या कडेला बोचरी धार उठते किंवा वाकवलेल्या जागी चीर पडते. अशा डायखाली मिस्त्री कागद सारायचे. कुठे सारायचा, किती जाड, किती घड्यांचा, हे फक्त त्यांना ठाऊक. आमच्याकडे साठेक डाय होत्या आणि निम्म्याहून जास्त डायच्या पोटाखाली मिस्त्रींचे कागद होते.

कागदही कसले? कॅलेंडरची पाठ, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, एसटीची तिकिटं, चहाच्या पुड्यातली चांदी. पण त्यांचा खरा जीव लग्नपत्रिकांवर. कारखान्यात कुणाच्याही घरी लग्न निघालं की पहिली पत्रिका मिस्त्रींना जायची. ते ती उघडायचे नाहीत. कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचे, डोळे मिटायचे.

“तीनशे दहा,” म्हणायचे. म्हणजे मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. “जाड हाय. मुलीकडचे खाऊनपिऊन सुखी दिसत्यात.”

“अहो मिस्त्री, आधी वाचा तरी!”

“वाचून काय करायचं? तारीख तुमी सांगालच की.”

लग्न उरकलं की पत्रिका कापली जायची आणि कुठल्या तरी डायखाली जायची. नवीन कागद ते एकदम भरवशाचा धरत नसत. चार दिवस दाब खाऊ द्यायचे, मग पुन्हा भाग मोजायचे. “दबला की मग कागद खोटं बोलत न्हाई,” असं त्यांचं म्हणणं. कोणाची पत्रिका कुठे आहे हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. एकदा पॅकिंगच्या एका पोराचं बायकोशी वाजलं, ती माहेरी गेली. मिस्त्री त्याला म्हणाले, “तुझी पत्रिका बत्तीस नंबरखाली हाय. बत्तीस नंबर एका रेषेत चाललीय बग. जा, घेऊन ये तिला.” तो गेला, घेऊनही आला. त्यात बत्तीस नंबरचा वाटा किती, देव जाणे.

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका अठरा नंबरखाली होती. महिन्या-दोन महिन्यांनी मिस्त्री मला थांबवून विचारत, “ताई बरी हाय ना साहेब? अठरा नंबर झ्याक चाललीय.” मी हसून पुढे जायचो.

बोटांना ते फार जपत. इतर कामगार हात रॉकेलने धुवायचे, हे डाळीच्या पिठाने. त्यासाठी पिठाचा डबा लॉकरमध्ये. शिफ्टमध्ये कोणाशी हात मिळवणार नाहीत. आणि सगळ्यात विक्षिप्त म्हणजे पिठलं-भाकरी चमच्याने खायचे. भाकरी कुस्करून, त्यावर पिठलं घालून, चमच्याने. गरम आणि तिखट लागून बोटाची कातडी मरते असं त्यांचं मत. साताऱ्याकडचा, पाटण भागातला रांगडा माणूस, मिशा अशा, आणि हातात चमचा. कँटीनमध्ये पोरं चेष्टा करायची, “मिस्त्री, काटाही आणू का?” ते शांतपणे म्हणायचे, “आन की. टोचून बगतो तुला, किती मायक्रॉनची कातडी हाय ती.”

फार पातळ कागद बोटांना कळत नाही, तो ते खालच्या ओठाला लावून बघायचे. “पन्नासच्या खालचं काम ओठाचं,” म्हणायचे. मला तेव्हा यातलं निम्मं काम वाटायचं आणि निम्मी खोड. किती कशातलं, हे मी कधी मोजून पाहिलं नाही. माझ्या टेबलावर नकाशे होते, डायच्या प्रत्येक भागाची मापं होती. त्यामुळे मी समजून होतो की कारखाना त्या नकाशांवर चालतो.

एकदा एका गिऱ्हाईक कंपनीचा जपानी इंजिनिअर आला होता. वयाने माझ्याएवढा, अगदी कमी बोलणारा. प्रेसजवळून जाताना तो एकदम गुडघ्यावर बसला आणि डायखाली बॅटरी मारून पाहू लागला. म्हटलं, आता हा कागद बघणार आणि आपली लाज जाणार. त्याने बराच वेळ पाहिलं. मग उठून विचारलं, हे कोणी केलं? मी मिस्त्रींकडे बोट दाखवलं, काहीशा तक्रारीच्याच सुरात.

त्याने खिशातून आपलं कार्ड काढलं आणि वाकून, दोन्ही हातांनी मिस्त्रींना दिलं. तोवर ते कार्ड फक्त आमच्या मालकांना, म्हणजे शेठना, आणि मला मिळालं होतं. मिस्त्रींनी कार्ड घेतलं, सवयीप्रमाणे कोपरा चोळला, डोळे मिटले. “दोनशे साठ.”

काय म्हणाले ते, असं पाहुण्याने विचारलं. मी शरमतच सांगितलं. त्याने आमच्या टेबलावरचा जाडी मोजायचा मायक्रोमीटर उचलला, आपल्याच दुसऱ्या कार्डाला लावला. बघितलं. पुन्हा लावला. मग वही काढून मिस्त्रींचं नाव विचारलं, अक्षर अक्षर फोडून लिहून घेतलं आणि मला म्हणाला, “यांच्या हाताखाली किती जण शिकतात?”

“दोन,” मी म्हणालो. एकही नव्हता.

“आमच्याकडे असा माणूस निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी त्याच्या शेजारी माणूस उभा करतात,” तो म्हणाला. “नुसता उभा. बघायला.”

पाहुणा गेल्यावर मिस्त्री माझ्याकडे आले. “लई चांगला कागद व्हता साहेब. सात नंबरला घातला.”

आम्ही वर्षभर यावर हसलो. शेठ तर पाहुण्यांना तो किस्सा नक्कल करून सांगायचे. शेजारी माणूस उभा करायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. नुसतं बघणाऱ्या माणसाला पगार कशाचा द्यायचा?

शेठचा हिशेब सरळ होता. कंपनी म्हणजे जमीन, शेड आणि प्रेस. “हात लावून दाखव,” ते म्हणायचे. “ज्याला हात लावता येत नाही ते माझ्या लेखी हवा.” त्यांच्या वडिलांनी भोसरीत एका पत्र्याच्या शेडमध्ये धंदा सुरू केला होता. जमिनीचा सातबारा हीच त्यांच्या घराची भाषा होती. मलाही त्यात वावगं दिसत नव्हतं.

मग शेठनी कंपनी विकायला काढली. मुलं परदेशी, धंद्यात कोणी येणार नाही. घेणारी कंपनी जर्मनीतली. त्यांच्या वतीने मुंबईहून एक मॅडम आल्या, पस्तिशीच्या, भराभर मराठी बोलणाऱ्या. त्यांनी माझ्यापुढे भरायच्या पानांचा एक गठ्ठा ठेवला. आमच्या बँकेच्या फॉर्मांत पहिलं पान जमिनीचं असायचं. यांच्या गठ्ठ्यात जमीन शेवटून दुसऱ्या पानावर होती. पहिल्या सगळ्या पानांवर हात लावता न येणाऱ्या गोष्टी. गिऱ्हाईक किती वर्षं टिकून आहे आणि का. कंपनीचं नाव घेतलं की लोक काय म्हणतात. कोणती पद्धत तुमची स्वतःची आहे, दुसरीकडे नाही. आणि एक रकाना होता, तो मला अजून तसाच दिसतो. लेखी नसलेलं कौशल्य, आणि ते ज्याच्याकडे आहे त्या व्यक्तीचं नाव.

“मॅडम, हे कशाला?” मी विचारलं.

“सर, प्रेस काय, त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा चांगल्या आहेत. प्रेस कोणीही विकत घेतं. ती तुम्ही कशी चालवता ते त्यांना विकत घ्यायचंय. तिकडे कंपनीची किंमत आधी त्यावर ठरते.” मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “मला एक सांगा. इथे असा कोणी आहे का, की तो उद्या आला नाही तर काम अडेल?”

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे मिस्त्री आले. डोळे मिटून पत्रिका चोळणारे, चमच्याने पिठलं खाणारे. आणि मला लाज वाटली. जर्मनांना काय सांगायचं? की आमच्या कारखान्याच्या डाय लग्नपत्रिकांवर उभ्या आहेत?

“नाही,” मी म्हणालो. “आमच्याकडे सगळं नकाशांत आहे.”

मॅडमनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “पान शेवटी भरू,” त्या म्हणाल्या.

जर्मनीहून माणसं कारखाना पाहायला यायची होती. त्याआधी मी साफसफाई काढली. जमीन रंगवली, पिवळे पट्टे मारले, जागोजागी पाट्या लावल्या. डाय धुऊन, रंगवून रॅकवर ओळीने लावायच्या असं ठरलं. नेमके त्याच आठवड्यात मिस्त्री गावच्या यात्रेला निघाले होते. जाताना केबिनच्या दारात थांबून म्हणाले, “साहेब, डायच्या अंगाला काय रंग फासायचा त्यो फासा. पोटाला हात लावू देऊ नका.”

“जा हो तुम्ही बिनधास्त,” मी म्हणालो.

काम ठेकेदाराच्या चार माणसांना दिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांतला एक जण माझ्याकडे आला. त्याच्या हातात सोनेरी गणपती छापलेला पत्रिकेचा चपटा तुकडा होता. “साहेब, खाली हे असलं लय चिकटलंय. काढायचं का ठेवायचं?”

मिस्त्रींचं बोलणं मला आठवत होतं. विसरलो होतो असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवणार नाही. पण परवा परदेशी माणसं येणार आणि डाय उलटी करून बघणार, हे चित्र त्याहून मोठं होतं.

“काढा,” मी म्हणालो. “कचरा आहे सगळा.”

तीन पोती निघाली. भंगारवाल्याच्या टेम्पोतून गेली. ठेकेदाराच्या माणसांचं काम त्याच दिवशी संपलं.

पाहणी फार छान झाली. जर्मन लोकांनी चकचकीत डायचे फोटो काढले. शेठनी माझी पाठ थोपटली. नवी कंपनी आली तरी कारखाना मीच सांभाळायचा असं जवळजवळ ठरलं. ‘ठेवायच्या माणसां’च्या यादीत माझं नाव पहिलं होतं, आणि यादीतलं ते पान मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पाहणीनंतर पहिल्या शिफ्टला डाय प्रेसवर चढल्या आणि भाग बिघडायला लागले. कडेला धार, वाकवलेल्या जागी चिरा. एका प्रेसवर नाही, सगळीकडे. तीन दिवसांत गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. जर्मनीहून निरोप आला की काय बदललं ते कळेपर्यंत व्यवहार थांबवा.

त्याच दिवशी मिस्त्री यात्रेहून परत आले. कोणी काही सांगायच्या आत अठरा नंबरपाशी गेले, खाली वाकले, बोट आत घातलं. तसेच खाली बसले. मी लांबून बघत होतो. मग ते माझ्याकडे आले.

“साहेब, कागद कुठं गेले?”

“साफसफाईत गेले वाटतं,” मी म्हणालो. वाटतं म्हणालो.

दुपारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ते कुदळवाडीला भंगारवाल्याकडे गेले, आमची पोती शोधली, आणि त्यांतलं एक रिक्षात घालून परत आणलं. कोणता तुकडा कोणत्या डायचा हे त्यांना दबलेल्या खुणांवरून ओळखता येणार होतं. पोतं त्यांनी आपल्या लॉकरमध्ये ठेवलं. लॉकर नीट बंद होईना, म्हणून दाराला दोरी बांधली.

ती दोरी दुसऱ्या दिवशी सिक्युरिटीला दिसली.

शेठच्या केबिनमध्ये आम्ही तिघे. शेठ, कामगार अधिकारी आणि मी. टेबलावर पोतं उपडं केलं. शेकडो तुकडे, काळपट, तेलकट, पापडासारखे चपटे झालेले. कामगार अधिकाऱ्याने त्यांतला एक उचलला. त्यावर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एवढं वाचता येत होतं आणि त्याखाली माझं नाव.

“हे बघा,” तो म्हणाला. “साहेबांच्या घरची पत्रिकासुद्धा सोडली नाही. कंपनी विकणार कळलं, गडी घाबरला. यात्रेला जायच्या आधीच कागद काढून घेतले, म्हणजे नव्या मालकाने पाया पडत यावं. आता म्हणतो, भंगारवाल्याकडून आणले. घातपात आहे हा शेठ, सरळ सरळ.”

शेठनी मला विचारलं, “तुला काय वाटतं?”

मी काय केलं ते इथे लिहिण्यासाठीच बाकीचं सगळं लिहिलं. मी पत्रिकेच्या तुकड्याकडे पाहत राहिलो आणि म्हणालो, “तसा माणूस वाईट नाही.” एवढंच. हे वाक्य दयेचं वाटतं. पण त्यात गुन्हा त्यांच्या नावावर चढला होता, आणि तो मी चढवला होता. संध्याकाळी लेखी जबाब मागितला तेव्हा मी लिहिलं की डायखालचे कागद कोणाच्या सांगण्यावरून काढले गेले याची मला माहिती नाही. खाली सही केली. ठेकेदाराला सगळं ठाऊक होतं. पण त्याची कामं माझ्या सहीने निघायची, त्यामुळे त्याला कोणी विचारलं नाही आणि तोही बोलला नाही.

शेठनी मधला मार्ग काढला. मिस्त्रींनी सगळ्या डाय पूर्ववत लावून द्यायच्या आणि मग राजीनामा द्यायचा. पोलिसांत तक्रार होणार नाही. मिस्त्रींना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

ते तीन आठवडे रोज आले. त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. पॅकिंगचा तो बत्तीस नंबरवाला पोरगाही मान खाली घालून जायचा. एक जर्मन इंजिनिअर आता त्यांच्या शेजारी उभा असायचा, वही घेऊन. मिस्त्री कागद लावायचे, भाग बरोबर निघाला की तो कागदाची जाडी मोजायचा, जागा टिपायचा, आणि त्याच मापाची पोलादी पट्टी करून घ्यायचा. मुंबईच्या मॅडम दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा त्या माझ्या केबिनमध्ये आल्या तेव्हा चिडलेल्या होत्या.

“सर, तुम्ही सांगितलं होतं सगळं नकाशांत आहे. हेच तर आम्ही विकत घेत होतो! पहिल्याच दिवशी हा माणूस दाखवला असता तर त्यांनी याला डोक्यावर घेतलं असतं.”

मी टेबलावरचे नकाशे एकावर एक सारखे करत राहिलो.

“आता पान भरा,” त्या म्हणाल्या आणि तो रकाना माझ्यापुढे सरकवला.

पद्धतीच्या पानावर मी लिहिलं की डाय लावण्याची कंपनीची स्वतःची पद्धत आहे आणि ती आता लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. कौशल्य ज्याच्याकडे आहे त्या व्यक्तीचं नाव, या रकान्यापुढे मी ‘निरंक’ लिहिलं. ज्याच्यावर घातपाताचा ठपका आहे त्याचं नाव तिथे कसं लिहायचं? आणि ठपका खोटा आहे हे माझ्याशिवाय कोण सांगणार होतं?

शेवटच्या दिवशी ते गेटपाशी भेटले. एका हातात पिठाचा डबा, खिशात चमचा. काही तरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, “मिस्त्री, वाईट झालं.”

“न्हाई साहेब,” ते म्हणाले. “कोन काय म्हनतंय म्हनू द्या. मी काढले न्हाईत हे तुमाला म्हाईत हाय. तेवढं बास हाय मला.”

मी मान हलवली. कंपनीची बस आली, ते चढले. या वाक्याचा अर्थ मी कितीतरी वेळा लावून पाहिला. ते मला साक्षीदार समजत होते, की त्यांना सगळं कळलं होतं आणि मला बोलायला वाट करून देत होते? जे असेल ते. मान हलवणं हे दोन्हींना उत्तर नव्हतं.

मला नव्या मालकाने दोन वर्षं ठेवलं. निरोपाला शाल, श्रीफळ, चांदीची छोटी प्रेस. भाषणात जर्मन साहेब म्हणाला की या कंपनीची खरी संपत्ती तिची माणसं आहेत, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

मिस्त्रींनी तीन-चार ठिकाणी कामाला विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. या पट्ट्यात प्रत्येक कंपनीचा कामगार अधिकारी दुसऱ्याला ओळखतो. पहिल्या दिवशी या म्हणायचे, दुसऱ्या दिवशी जागा भरली म्हणायचे. कुणी तर तोंडावरच विचारलं, “ते कागदवाले तुम्हीच का?” एका कंपनीचं नाव ही मोजायची गोष्ट असते, हे मी मॅडमच्या गठ्ठ्यात वाचलं होतं. माणसाच्या नावालाही तसाच रकाना हवा, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

शेवटी ते काळेवाडीतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका कापायला बसले. मी गाडीतून त्या दुकानावरून बऱ्याचदा गेलो. काचेपलीकडे ते दिसायचे, मान खाली, समोर पत्रिकांची थप्पी. थांबलो नाही. माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका मी मुद्दाम शहरात, लांब छापून घेतल्या. मिस्त्रींना एक पाठवायचं ठरवलं आणि पाठवली नाही.

बायको गेल्यावर मात्र मला झोप लागेनाशी झाली. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी बसून सगळं लिहून काढलं. काढा, कचरा आहे, हे मी म्हणालो. जबाबावर खोटी सही मी केली. तुमचं नाव मी लिहिलं नाही. मला माफ करा. बोलताना शब्द फिरतील हे मला माहीत होतं, म्हणून कागदावर. चांगला जाड कागद घेतला, स्वच्छ अक्षरात एक पान लिहिलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि रिक्षाने काळेवाडीला गेलो.

दोन खोल्यांचं घर. मिस्त्री खूप वाळले होते, मिशा पांढऱ्या. मला पाहून उठायला लागले. “बसा, बसा साहेब. अगं, साहेब आलेत आपले. चहा टाक.” आतून त्यांच्या बायकोने डोकावून पदर सावरला. “बरं झालं आलात. ह्यो मानूस सारखं तुमचं नाव घेतोय,” ती म्हणाली.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हनायचं काय? आमचं साहेब, आमचं साहेब.”

मिस्त्री हसले. “छापखाना सोडला बगा. साखरेच्या आजारानं बोटं मेली. आता पत्रिका हातात घेतली तर पाटी हाय का पापड, कळत न्हाई. पन माल भारी व्हता तिथं. सगळा कोरा!” मग एकदम म्हणाले, “ताई बरी हाय ना?”

“बरी आहे.”

“अठरा नंबर आता पट्टीवर चालत असंल.”

“हो.”

चहा आला. आमच्यामध्ये एक लहानसं लाकडी टेबल होतं. त्यावर कप ठेवले आणि ते डुगडुगलं. चहा बशीत सांडला. तो निपटेपर्यंत मी धीर गोळा केला.

“मिस्त्री,” मी म्हणालो, “मला तुमच्याशी जरा बोलायचंय.”

“बोला की.” पण त्यांची नजर टेबलाच्या पायाकडे होती. त्यांनी हाताने टेबल हलवलं, एका कोपऱ्याकडे बघितलं, मग इकडेतिकडे. मग माझ्या खिशाकडे. “साहेब, त्यो कागद द्या जरा.”

मी तो काढून त्यांच्या हातात दिला. का दिला, सांगता येत नाही. बहुधा त्यांनी तो उघडावा म्हणून. म्हणजे मला काही बोलावं लागलं नसतं. त्यांनी घडीचा कोपरा अंगठा-तर्जनीत धरून चोळला. मान हलवली, बोटांना कळलं नव्हतं. मग तो खालच्या ओठाला लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ.

“एकशे वीस,” ते म्हणाले. “झ्याक कागद हाय. अजून दोन घड्या बास.” घडी घालता घालता ते थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. “कामाचा न्हाई ना साहेब?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी दोन घड्या घातल्या, खाली वाकले, कागद टेबलाच्या पायाखाली सारला. तळव्याने टेबल दाबून पाहिलं. ते हललं नाही.

“हां,” ते मागे टेकून म्हणाले. “आता बोला. काय सांगत व्हता?”

“चहा छान झालाय,” मी म्हणालो.